झमकूबाईंचा नवस

“मुलंबाळं?” भिकमचंद शेठनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाहीत,” कौतिक म्हणाला. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, शेवंतानं, मान खाली घातली.

त्यांची दोन्ही लेकरं तेव्हा दोंडाईच्याला आजीकडे होती. धुळ्याला बदली झाल्यापासून कौतिकनं निम्मं गाव पालथं घातलं होतं. लेकरांचं नाव निघालं, की घरमालक दार लोटून घ्यायचे. शेवटी त्यानं खोटं बोलायचं ठरवलं.

शेठनी वरची खोली दिली, पण देवासमोर शब्द घेतला: मूल झालं, की खोली सोडायची. आधीच्या भाडेकरूला बाहेर काढताना कोर्टात त्यांच्या चपला झिजल्या होत्या.

शेठच्या बायको झमकूबाई मात्र फार मायाळू निघाल्या. शेवंताची कूस रिकामी म्हणून त्या हळहळायच्या. वैद्याचा कडू काढा स्वतः उकळून आणायच्या आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. दर मंगळवारी तिला एकवीरेच्या देवळात न्यायच्या, ओटी भरायला लावायच्या. एवढ्यावर भागेना, तेव्हा त्यांनी स्वतः गोड सोडलं, सोमवार धरले.

रविवारी दोंडाईच्याला गेलं, की लेकरं शेवंताचा पदर सोडत नसत. परतताना ती एसटीत डोळे पुसत बसायची. तिकडे लेकरं रडताहेत, इकडे म्हातारी उपाशी.

“ती मन्हासाठे उपास करस, नि मी तिले फसाडस,” एकदा ती नवऱ्याला म्हणाली. कौतिकलाही घास गोड लागेना.

पुढच्या रविवारी दोघं लेकरांना घेऊनच परतले. शेवंतानं झमकूबाईंचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

झमकूबाईंनी दोन्ही लेकरांना जवळ ओढलं. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दोघांच्या हातावर साखर ठेवली, चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकली आणि धाकट्याला कडेवर घेतलं.

शेवंताचा जीव भांड्यात पडला. पोरांची शाळा कुठं बघायची, हे कौतिकच्या मनात सुरूही झालं.

“देवी पावली,” झमकूबाई म्हणाल्या आणि जिन्यातून वाकून त्यांनी शेठना हाक दिली, “अहो, आपल्या निर्मलला कळवा. सूनबाईला घेऊन खुशाल राहायला ये म्हणावं, वरची खोली रिकामी होतेय.”