आडवं तास

"आबा, गोळी छातीत का डोक्यात?" छिन्नी थांबवून आसाराम पाथरवटानं म्हाताऱ्या अंगदला विचारलं.

गावच्या शहीद जवानाचा दगड शाळेपुढं उभा करायचा होता. म्हाळूचं नाव, एकाहत्तरची लढाई, एवढं कोरून झालं होतं. मरण कसं आलं, ते राहिलं होतं. ते बघितलेला माणूस गावात एकच, त्याच्याच पलटणीतला हा अंगद. चौपन्न वर्षं दर झेंडावंदनाला तो तेच सांगायचा. लढाई ऐन भरात, म्हाळू सगळ्यांच्या पुढं, आणि गोळी! पोरं टाळ्या पिटायची. मढं गावात आलंच नव्हतं, त्या काळी येत नसे. सरकारी कागद आला तो इंग्रजीत. तो वाचायच्या भानगडीत कोण पडतंय?

पण भाषण ठोकणं वेगळं. दगडात खोटं कोरून घ्यायला अंगदची जीभ रेटेना. शेजारी म्हाळूची बायको सत्यभामा बसली होती. तिच्याकडं न बघताच तो बोलला.

"गोळी नव्हती, वहिनी. लढाई थांबून धा दिस झालते. आमी आमचेच सुरुंग उकरीत होतो. तिथले मीच पुरलेले. पेरताना बैल वळतेत तिथं, धुऱ्याकडनं, आपण एक आडवं तास टाकतो ना? हाताला सवय. तशीच सुरुंगांची एक आडवी वळ टाकली, अन् नकाशात दाखवायचं इसरलो. म्हाळूला म्हणलं, तिकडं मोकळं हाय, जा. त्यो गेला."

म्हातारा ढसाढसा रडला. आता हिनं शिव्या द्याव्यात, तोंडावर थुंकावं, म्हणजे सुटलो, असं त्याला झालं.

सत्यभामानं कमरेच्या पिशवीतून घड्यांवर फाटलेलं एक पत्र काढलं.

"हे त्यांचं शेवटचं. लढाई संपली, मी धड हाय, रजा मिळाली की येतो, असं लिवलंय. अन् तुमी सांगायचा, लढाईत गेले. तुमी खोटं बोलता, हे मला पहिल्या दिवसापसून ठावं हाय, भावजी."

"मंग कावून बोलल्या न्हाईत?"

पत्र पुन्हा घडी करायचं तिला सुधरेना.

"खोटं होतं, म्हणून तर आजवर त्यांची वाट बघत होते."