निसरडी कडी

मोरीत उकिडवी बसलेल्या छबूच्या हातातून बायकांनी आत बसवायच्या निरोधाची निसरडी कडी पुन्हा सटकली. खोलीतून नवऱ्यानं हाक मारली, “अगं, अजून किती वेळ?”

“आलेच!” ती ओरडली. त्याला एचआयव्ही होता, तिला नव्हता, आणि निरोधाचं नाव काढलं की तो खेकसायचा, “बायकोजवळ यायला कशाला हवा तो? मी काय परक्या बाईकडे आलोय?” शेवटी दवाखान्यातल्या ताईंनीच हा बायकांचा निरोध तिच्या हातात ठेवला.

कडी एकदाची बसली. ती खोलीत आली. त्याचा हात खांद्यावर पडताच ती बोलून गेली, “तुम्ही काही लावू नका, मीच घालून आलेय. तुम्हाला गोळ्यांची आठवण करून द्यायला घरात एक तरी धडधाकट माणूस नको?”

आता मार बसणार, म्हणून तिनं डोळे गच्च मिटले.

त्यानं खांद्यावरचा हात खाली घेतला. मग चाचरत म्हणाला, “घालताना दुखलं का गं?”

दोन बाळंतपणं झाली, तेव्हासुद्धा त्यानं असं कधी विचारलं नव्हतं.