उठवायची गरज

मंद्रूपच्या बजाबाईला कॅनडातल्या लेकाचा फोन सणासुदीलाच यायचा. नात झाल्यापासून मात्र रोज भर दुपारी येऊ लागला. तिकडं तेव्हा मध्यरात्र. झोपलेल्या बाळाला उठवून इंद्रजीत बाटलीनं दूध पाजायचा आणि तेवढा वेळ आईशी बोलत बसायचा. बजाबाईही फोन आल्यावरच ताट वाढून घ्यायची.

आज तो म्हणाला, "आई, बाळाचं वजन चांगलं वाढलंय. डॉक्टर म्हणत्यात, आता रात्री उठवायची गरज न्हाय. झोपू देऊ का?"

याच इंद्रजीतला तिनं दुधासाठी झोपेतनं एकदाही उठवलं नव्हतं. हातातला घास तिनं ताटात ठेवला.



"नगं रं बाबा, उठवच. डॉक्टरला काय कळतंय? उपाशी ऱ्हाईल की!"