फांदी धरायला

पहिल्यांदा दहिवर गोठलं की केलकितच्या डोंगरात रानगुलाबाची फळं मऊ पडतात. जेमिलेनं सकाळीच टोपलीभर आणली, उकळली आणि त्यांची बारीक कुसळं घशात जाऊ नयेत म्हणून रस दोनदा फडक्यातून गाळला. मग साखर घालून केलेला गरम पाक वाटीत घेऊन ती सासूकडे गेली.

साबिरे दोन वर्षं खाटेला खिळून होती. तिचा मुलगा, जेमिलेचा नवरा याकूप डोंगरावर बर्फात हरवला, तेव्हापासून तिचे पाय गेले होते.

वाटी घ्यायला तिनं हात पुढे केले. दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे होते, ओले.

"आई, हे काय?"

"फांदी सुटली गं हातातून. मी वाकवून धरली होती, याकूप फळं तोडत होता."

जेमिले हसू पाहत होती, पण तिला सासूच्या नखांत लाल गर दिसला. सकाळपासून ती फळं या खोलीत आलीच नव्हती.

"रागावला माझ्यावर," साबिरे पाक फुंकत म्हणाली. "म्हणाला, तुला जमत नाही आई, उद्या जेमिलेला पाठव."

"मग... तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पाठवते म्हटलं."