निकालाआधीची गोळी

दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोरून भैय्याजीनं यादोरावची धानाची बांधी, अख्खं भाताचं खाचर, दाबली, वर सानगडीच्या भर बाजारात त्यालाच चोर म्हटलं. यादोरावनं कोर्टात दावा ठोकला, आणि त्या दिवसापासून तो एकाच आशेवर जगत होता, हरल्यावर भैय्याजीचं उतरलेलं तोंड बघायचं. निकाल जवळ आला, तोच भैय्याजीचं कोलेस्ट्रॉल भलतंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी हार्ट अटॅकचा धोका सांगितला, तरी गडी गोळ्या घेईना. हे कळताच यादोराव तडक वैऱ्याच्या दारात गेला. भैय्याजीच्या बायकोकडून गोळी मागून घेतली आणि त्याच्यापुढे धरली. “गीळ.” “मी मरो का जगो, तुले काय करा लागते?” भैय्याजी गुरगुरला. “निकालाच्या आधी मरू देत नाही तुले,” यादोराव दात खात म्हणाला. “तू मेल्यावर मी जिंकून दाखवू कोणाले?” भैय्याजीनं रागारागानं गोळी तोंडात टाकली. यादोराव मात्र त्याची जीभ नीट तपासूनच तिथून हलला.