लोलकावरचं लुगडं
निजामाच्या हिंगोलीत लुथरन चर्चची घंटा पावसाळ्यात प्रार्थनेलाही वाजत नसे. वाजली की कयाधूला पूर आला समजायचं अन् नदीकाठच्यांनी चर्चच्या टेकाडावर धावायचं, असं पाद्री शांतवनांनीच ठरवलं होतं. आज भर श्रावणात त्यांची बायको रूथ गेली. मयताला घंटा हवीच. पण वाजवली तर लोक उगाच लेकरं घेऊन पळतील, अन् खरा पूर येईल तेव्हा हलणार नाहीत. दोर धरत-सोडत अखेर त्यांनी लोलकावर रूथचं लुगडं गुंडाळून मुकी घंटा ओढायला घेतली. तेवढ्यात मोहियोद्दीन विणकर धावत आला. "पाद्रीबाबा, पाणी घरात घुसून राहिलं! घंटा काहून वाजंना?" शांतवनांनी लुगडं ओरबाडून काढलं. टोले घुमले. लोक टेकाडावर पोचले. तरी दोर सुटेना. "सगळे आले, बस करा," मोहियोद्दीन म्हणाला. "तुमची झाली," शांतवन म्हणाले, "आता ही रूथची."