पहिल्या पानावरचं नाव

बर्मिंगहॅमच्या सायलस मुद्रकानं सात वर्षं खपून छपाईची नवी अक्षरं घडवली होती. विद्यापीठाचं भूमितीचं पुस्तक त्यांतच छापायचं ठरलं. पण पहिलं पान पाहून डीनसाहेबांनी नाक मुरडलं. "यावर तुझं नाव कशाला? कालपर्यंत चहाचे ट्रे रंगवत होतास! नाव काढ, नाहीतर काम विसर." सायलसनं बायकोकडं, टॅबिथाकडं पाहिलं. अक्षरांचं शिसं ओतून-ओतून तिची बोटं भाजली होती. "चुकलंच माझं," म्हणत त्यानं आपल्या नावाशेजारी तिचं नाव जुळवलं. "बाईचं नाव? शुद्धीवर आहेस ना?" "आत्ता आलो, साहेब." डीन तणतणत निघून गेले. टॅबिथा रडवेली झाली. "अहो, आता हे घेणार कोण?" "ज्याला भूमिती लागते, तो!" त्यानं छापयंत्राचा दांडा ओढला. महिन्यानं पुस्तक घ्यायला आलेल्या लोहारानं विचारलं, "पहिल्या पानावरची ही टॅबिथा कोण?" हात पुसत ती म्हणाली, "मी."